‘कार्ब्युरेटर’ : शब्दाचा अर्थ व मूळ

ऐतिहासिक कागदांतील शब्दांचा विचार करूं लागलें म्हणजे आपली दृष्टि बहुधा फारसी, अरबी, कानडी किंवा पोर्तुगीज शब्दांकडे वळते. मोकासा, सरंजाम, कमाविसदार ह्यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, व ती सत्कारणींच पडली आहे. परंतु जे शब्द तीन-चार पिढ्या आपल्या रस्त्यांवर व दुकानांत रोज उच्चारले गेले, आणि ज्यांची वस्तु आज आपल्या डोळ्यांदेखत मागें पडत आहे, त्यांचीं टिपणें ठेवण्याकडे आपलें लक्ष नसतें. ‘कार्ब्युरेटर’ हा अशांपैकीं एक शब्द होय. हवेंत इंधन मिसळून तें मिश्रण इंजिनास पुरविणारें जें लहानसें यंत्र, त्याचें हें नांव. ह्या शब्दाचा अर्थ काय, तो कोठून आला, संस्कृत जाणणारास त्यांत जो एक मोहक चकवा दिसतो तो कितपत खरा, आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) शेजारीं शेंद्रा येथें ह्या विचारास कोणतें विशेष स्थान आहे, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे. शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. ती ह्याच विचारांतून निघते.

(१) शब्दाच्या आधीं वस्तु पाहावी. पेट्रोल द्रवरूपांत पेटवून इंजिन चालत नाहीं. तें हवेंत बारीक तुषारांच्या रूपानें मिसळावें लागतें, आणि तेंही ठराविक प्रमाणांत. वजनानें सुमारें १५ भाग हवा व १ भाग पेट्रोल, हें तें प्रमाण. ऐकावयास हें साधें वाटतें. पण आकारमानानें पाहिलें तर एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे इंजिनाचें खाद्य मुख्यतः हवा. पेट्रोल हें तिच्यांत पडणारें मीठ म्हटलें तरी चालेल.

हें मिश्रण करण्याची युक्ति अशी. इंजिनाचा दट्ट्या खालीं जातांना हवा आंत ओढतो. ती हवा ज्या नळींतून येते तिचा मधला भाग गळ्यासारखा निमुळता केलेला असतो. अरुंद जागेंतून जातांना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी ह्याचे द्रवप्रवाहासंबंधींचे प्रयोग १७९७ सालीं प्रसिद्ध झाले, त्यावरून ह्या गळ्यास त्याचेंच नांव पडलें. शेजारच्या लहानशा कुंडींत पेट्रोल भरलेलें असतें, आणि तेथें तरंगणारा एक पोकळ तुकडा, ज्यास कारागीर ‘फ्लोट’ म्हणतात, पेट्रोलची पातळी एकसारखी राखतो. कुंडीवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब, गळ्यांत कमी दाब. ह्या फरकामुळें पेट्रोल ‘जेट’ नांवाच्या बारीक छिद्रांतून वर चढतें व वाहत्या हवेंत विखुरतें. पुढें एक झडप असते. चालकानें मूठ पिळली कीं ती उघडते, अधिक मिश्रण आंत जातें आणि गाडी वेग घेते. मिश्रणांत पेट्रोल फार झालें तर धूर काळा निघतो. हवा फार झाली तर इंजिन अडखळतें. कारागिराचें सर्व कौशल्य ह्या दोहोंचा मेळ घालण्यांत असे.

(२) आतां शब्दाकडे वळूं. ज्यानें अमरकोश पाठ केला आहे त्यास ‘कार्ब्युरेटर’ हा शब्द, विशेषतः ‘कार्बुरेटर’ असा लिहिलेला, पाहतांच ‘कर्बुर’ शब्द आठवल्यावांचून राहणार नाहीं. कर्बुर म्हणजे चित्रविचित्र, अनेक रंग एकमेकांत मिसळलेला. अमरसिंहानें तो किर्मीर, कल्माष, शबल ह्यांच्या जोडीस बसविला आहे. शिवाय राक्षसाच्या पर्यायांतही तो दिला आहे. हा दुहेरी अर्थ कर्बुराचाच आहे असें नाहीं. किर्मीर ह्याचाही अर्थ चित्रविचित्र असाच, आणि किर्मीर नांवाचा राक्षस महाभारताच्या वनपर्वांत भीमाच्या हातून मारला गेल्याचें सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हां विचाराची गाडी अशी धांवूं लागते : कर्बुर म्हणजे मिश्र, हें यंत्र हवा व इंधन ह्यांचें मिश्रण करतें, म्हणून जें कर्बुर करतें तें कर्बुरेटर. शास्त्रीय मराठींत कार्बन ह्या मूलद्रव्यास ‘कर्ब’ म्हणतात. कोशाच्या एकाच पानावर कर्ब, कर्बोदक व कर्बुर हे शेजारीं शेजारीं आले म्हणजे ह्या तर्कास आणखी बळ येतें. ध्वनि जुळला, अर्थ जुळला. मग आणखी काय पाहिजे?

आणखी पुष्कळ पाहिजे. ध्वनि व अर्थ ह्यांच्या वरवरच्या साम्यावर बांधलेल्या व्युत्पत्ति हा आपल्या संशोधनांतील जुना रोग आहे, आणि तो एकट्या आपल्याकडेच आहे असेंही नाहीं. कर्बुराचा सोबती जो शबल, त्या नांवाचा यमाचा एक श्वान वेदांत आहे. ग्रीक पुराणांतील पाताळद्वाराच्या ‘केर्बेरॉस’ नांवाच्या श्वानाशीं त्याचें नांव एकोणिसाव्या शतकांतील कांहीं युरोपीय पंडितांनीं मोठ्या उत्साहानें जोडलें. कल्पना सुंदर होती. परंतु ध्वनिनियमांच्या कसोटीस ती नीट उतरत नाहीं असें पुढील भाषाशास्त्रज्ञांनीं दाखविल्यावर तिचा भाव उतरला. सौंदर्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

(३) कर्बुर शब्दास प्रथम ध्वनीची कसोटी लावूं. संस्कृत शब्द प्राकृतांतून मराठींत उतरतांना जोडाक्षरांतील आधींचा रेफ टिकत नाहीं. सर्पाचा सप्प व त्याचा साप. कर्माचा कम्म व त्याचें काम. कर्णाचा कण्ण व त्याचा कान. त्याच नियमानें कर्बुर किंवा त्याचें जुळें रूप कर्बर मराठींत यावयाचें तर त्यांतील रेफ जावयास हवा, आणि तो गेलाही आहे. मराठींतील ‘कबरा’ हा शब्द त्याचाच वंशज. कबरी गाय, काळाकबरा कुत्रा, चितकबरा बैल असें खेड्यांत आजही म्हणतात. म्हणजे कर्बुराचा खरा वारस गोठ्यांत आहे. मोटारीच्या पेटाऱ्याखालीं जो आहे तो परक्या घरचा. आणि तो ज्या मार्गानें आला तो मार्ग कागदोपत्रीं सालवार दाखवितां येतो.

(४) लॅटिन भाषेंत कोळशास ‘कार्बो’ म्हणत. तरुणपणीं मॅझिनी ज्या गुप्त संघांत होता त्या ‘कार्बोनारी’चें नांव ह्याच शब्दापासून झालें असून त्याचा अर्थ ‘कोळसे पाडणारे’ असा आहे. सन १७८७ मध्यें गितों द मोर्व्हो, लाव्हाझिये, बेर्तोले व फूर्क्र्वा ह्या चौघां फ्रेंच विद्वानांनीं रासायनिक पदार्थांस नांवें देण्याची नवी पद्धति प्रसिद्ध केली. तींत कोळशाचें जें शुद्ध मूलद्रव्य त्यास ‘कार्बोन’ हें नांव मिळालें व त्याच्या विशिष्ट संयुगांस ‘कार्ब्यूर’ म्हणूं लागले. इंग्रजांनीं हें दुसरें रूप घेतांना त्यास ‘युरेट’ असें शेपूट जोडलें. गंधकाचें सल्फ्युरेट, फॉस्फरसाचें फॉस्फ्युरेट, तसें कार्बनाचें ‘कार्ब्युरेट’. दलदलींतून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूस त्या काळच्या ग्रंथांत ‘कार्ब्युरेटेड हैड्रोजन’ म्हटलेलें आढळतें.

पुढें रसायनशास्त्रानें हें शेपूट टाकून दिलें व त्या जागीं ‘आइड’ हा प्रत्यय घेतला. सल्फ्युरेटाचें सल्फाइड व कार्ब्युरेटाचें कार्बाइड झालें. पूर्वीं जत्रेंतल्या दुकानांत ज्या कार्बाइडचे दिवे जळत, त्यांतील ‘कार्बाइड’ शब्द हा आमच्या शब्दाच्या गादीवर बसलेला नवा धनी होय. नाम म्हणून कार्ब्युरेट शब्द मेला. परंतु त्यापासून झालेलें क्रियापद दुसऱ्याच घरीं जगलें.

तें घर म्हणजे दिव्यांच्या वायूचा कारखाना. कोळशापासून काढलेल्या वायूनें एकोणिसाव्या शतकांत मोठीं शहरें उजळलीं. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे १८६५ सालीं लागले. ज्योतीस पिवळा, लख्ख उजेड येतो तो तींतील तापलेल्या कार्बनकणांमुळें. ज्या वायूंत कार्बन थोडा, त्याची ज्योत फिकी. म्हणून फिक्या वायूंत तेलाची वाफ मिसळून त्यास तेज आणीत, आणि ह्या क्रियेस ‘कार्ब्युरेट करणें’ म्हणजे कार्बनयुक्त करणें असें नांव होतें. तें करणारें पात्र तें कार्ब्युरेटर. तेव्हां हा शब्द मोटारीच्या जन्मापूर्वींचा आहे, व त्याचा मूळ संबंध दिव्याशीं आहे, चाकाशीं नाहीं.

इंजिनाकडे तो आला तोही सरळ वाटेनें. निकोलाउस ऑटो ह्याचें १८७६ सालचें चार टप्प्यांचें इंजिन दिव्याच्याच वायूवर चाले. वायूची नळी जेथें पोंचत नाहीं तेथें इंजिन चालवावयाचें तर द्रव इंधन घेऊन त्याची वाफ हवेंत मिसळणें भाग होतें. कार्ल बेंझ ह्यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या गाडींत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेनें भारीत असत. जेटांतून तुषार उडविण्याची रीति १८९३ च्या सुमारास सिद्ध झाली. जर्मनींत व्हिल्हेल्म मायबाख, आणि हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका, ह्यांचीं नांवें तिच्याशीं जोडलेलीं आहेत. वायुगृहांत फिक्या वायूचें जें स्थान होतें तें इंजिनांत हवेस मिळालें. क्रिया तीच राहिली, म्हणून नांवही तेंच राहिलें.

(५) एवढें पाहिल्यावर शब्दाचा अर्थ उलगडतो, आणि एक कोडेंही सुटतें. हवेचें मिश्रण करणाऱ्या ह्या यंत्राच्या नांवांत हवेचा उल्लेखच नाहीं, मिश्रणाचाही नाहीं; आहे तो कोळशाचा. कारण नांव देणाऱ्यानें हवा किंवा वायु हा आधार मानला व त्यांत काय घातलें तेवढेंच सांगितलें. ‘कोळसा घालणारा’, अधिक नेमकें बोलावयाचें तर ‘कार्बनयुक्त करणारा’, हा कार्ब्युरेटर शब्दाचा अक्षरार्थ होय.

ह्याच्या शेजारीं लोहाराचा भाता ठेवून पाहावा. भाता हें हवा पुरविण्याचें आपल्या देशांतील फार जुनें साधन. संस्कृत भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी. तीच प्राकृतांतून मराठींत ‘भाता’ होऊन आली. बाणांचा भाता व लोहाराचा भाता हा मुळांत एकच शब्द आहे, कारण दोन्ही कातड्याच्याच पिशव्या. येथें नांव पडलें तें वस्तु कशाची केली आहे त्यावरून. भात्यांत कोळसा स्थिर असतो व हवा त्याच्याकडे नेली जाते. कार्ब्युरेटरांत हवा वाहती असते व कोळशाचें सत्त्व तिच्याकडे नेलें जातें. जर्मन लोकांनीं तिसराच मार्ग धरला. त्यांचा ‘फेरगाझर’ शब्द म्हणजे ‘वायुरूप करणारा’. तेथें नांव क्रियेवरून आलें. एक वस्तूच्या द्रव्यावरून, एक घातलेल्या पदार्थावरून, एक क्रियेवरून. सारांश, नांवावरून वस्तु कशी चालते हें काढूं जाणें धोक्याचें. नांव फक्त नांव ठेवणारा कोठें उभा होता एवढें सांगतें.

(६) कार्ब्युरेटर शब्दाच्या शिराचें कर्बुराशीं नातें नाहीं हें ठरलें. मग संस्कृताशीं त्याचें कांहींच नातें नाहीं काय? आहे, पण तें शेपटांत आहे. फ्रेंचांत ह्या शब्दाचें रूप ‘कार्ब्युरातर’ असें आहे व त्याच्या अंतीं जो कर्तृवाचक प्रत्यय आहे तो लॅटिन ‘आतोर’ ह्यापासून आलेला. ह्या लॅटिन प्रत्ययाचा गाभा जो ‘तोर’ तो आणि पाणिनीचा ‘तृच्’ हे सख्खे भाऊ. संस्कृतांत दातृ, लॅटिनांत ‘दातोर’. अर्थ दोहोंचा देणारा. इंग्रजींत मात्र ‘कार्ब्युरेट’ ह्या शब्दास नुसतें ‘ऑर’ लागलें असून मधला टकार ‘युरेट’ ह्या शेपटाचा आहे. म्हणून मराठीच्या कानास जें ‘टर’ ऐकूं येतें त्यांतील ट हा तृच् मधील तकार समजूं नये. नातें आहे तें प्रत्ययाच्या घराण्याशीं, अक्षराशीं नव्हे. जें साम्य डोळ्यांत भरतें तें खोटें, आणि जें दिसत नाहीं तें खरें, असा प्रकार व्युत्पत्तिशास्त्रांत वारंवार घडतो.

ह्याचें दुसरें उदाहरण शेंद्र्याच्या वेशींतच सांपडतें. ज्या परिसरास हल्लीं लोक केवळ शेंद्रा म्हणतात तेथें शेंद्रा कमंगर व शेंद्राबन अशीं दोन गांवें आहेत. मांगीरबाबांच्या यात्रेसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव तें शेंद्रा कमंगर. ह्यांतील कमंगर म्हणजे फारसी ‘कमानगर’, धनुष्यें करणारा कारागीर. मराठवाड्याच्या राज्यकारभारांत शतकानुशतकें फारसी व पुढें उर्दू नांदली, तिची खूण गांवाच्या नांवांत अशी राहून गेली. सौदागर, जादूगर, कारागीर ह्या शब्दांत जो ‘गर’ अथवा ‘गीर’ ऐकूं येतो त्यांतील ‘गर’ हा जुन्या इराणी ‘कर’ ह्यापासून आला, व तो संस्कृत दिनकर, भास्कर ह्यांतील ‘कर’ ह्याचा सगोत्र आहे. कारागीर हें रूप मूळ ‘कारीगर’ असून मराठीनें त्यांतील स्वर आपल्या सोयीनें फिरविले. कमानगर व कार्ब्युरेटर, एक फारसी व एक फ्रेंच-इंग्रजी, दोन्ही परके. पण ‘करणारा’ हें सांगणारा दोहोंचा शेवटला अवयव आपल्या घराण्याचा. ज्या गांवाच्या नांवांत धनुष्यें करणारा राहिला, त्याच गांवाच्या शिवारांत आज मोटारी तयार होतात.

(७) आतां मराठींतील रूपें पाहूं. दुकानांच्या पाट्यांवर, पावत्यांवर व बोलण्यांत कार्ब्युरेटर, कार्बुरेटर, कार्बोरेटर, कारबेटर अशीं निरनिराळीं रूपें आढळतात. ह्यांपैकीं ‘कार्बोरेटर’ हें रूप फार पसरलेलें आहे. त्याचें कारण आमच्या मतें असें कीं, कारागिरास ‘कार्बन’ हा शब्द आधींच परिचयाचा होता. इंजिनांत काळी राख धरली कीं ‘कार्बन धरला’ असें तो म्हणतो. ओळखीच्या शब्दानें अनोळखी शब्दास आपल्याकडे ओढून घेतलें. गंमत अशी कीं, ह्या तथाकथित अशुद्ध रूपांत कार्बन अधिक स्पष्ट दिसतो, म्हणजे अशिक्षिताची चूक पंडिताच्या कर्बुरापेक्षां सत्याच्या जवळ गेली.

दुसरा शब्द ‘चोक’. गाडी थंड असतां हवेची वाट अडवून मिश्रणांत पेट्रोल वाढविण्याची जी तरकीब तिला चोक म्हणतात, व ‘चोक देणें’ हा तिचा प्रयोग. परंतु जेटांत कचरा अडकला म्हणजे ‘जेट चोक झालें’ असेंही म्हणतात. येथें अर्थ तुंबणें. आणि इंग्लंडांतील जुन्या यंत्रपुस्तिकांत व्हेंतुरीच्या निमुळत्या गळ्यासच चोक म्हटलेलें असतें. एका पावतीवर ‘चोक साफ’ असें लिहिलें असेल तर तीन अर्थांपैकीं कोणता घ्यावयाचा, हें त्या काळचा कारागीर सहज सांगेल. पन्नास वर्षांनीं सांगणारा कोण असेल?

ह्याच ठिकाणीं नवशब्दांचा प्रश्न येतो. ‘वायुमिश्रक’ असा शब्द कोणी केला तर तो अर्थवाही होईल व शाळेंत मुलांस समजावून देण्यास सोयीचाही होईल. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशांत फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तो उद्योग थोर होता ह्यांत शंका नाहीं. परंतु आज आपण शिवकालीन दरबाराची बोली अभ्यासतों ती त्या कोशानें पर्यायांच्या शेजारीं मूळ फारसी शब्द राखले म्हणून. शाळेच्या पुस्तकांत वायुमिश्रक खुशाल यावा. जुना कागद छापतांना मात्र कागदावर ‘कारबेटर’ असेल तर ‘कारबेटर’च छापावें व अर्थ टीपेंत द्यावा.

(८) शेंद्र्याचा विशेष आतां सांगतां येईल. संभाजीनगरच्या पश्चिमेस वाळूज, पूर्वेस जालना रस्त्यावर शेंद्रा. वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला. त्या काळच्या स्कूटरी, मोटारसायकली व रिक्षा कार्ब्युरेटरवर चालत, आणि त्यांच्याबरोबर हा शब्द मराठवाड्याच्या गांवोगांवच्या दुरुस्तीच्या दुकानांत रुजला. शेंद्रा येथें स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ सालीं सुरू झाला. तेथें जुळलेल्या मोटारींत आरंभापासूनच कार्ब्युरेटर नाहीं. त्यांत इंधन मोजून, दाबानें, सूक्ष्म छिद्रांतून फवारण्याची व्यवस्था आहे, आणि हवा किती आली हें मोजून इंधन किती सोडावें हें विजेवर चालणारें नियंत्रक ठरवितें. एका शहराच्या दोन बाजूंस एका यंत्राच्या इतिहासाचे दोन काळ असे समोरासमोर उभे आहेत.

दुचाकींतही १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांनीं हीच फवाऱ्याची पद्धति घेतली. विजेच्या नियंत्रणाखालचा कार्ब्युरेटर थोड्याच गाड्यांत राहिला. कारण उघड आहे. निमुळता गळा, तरंगता फ्लोट व ठराविक छिद्र ह्यांस हवेची थंडी-ऊन, चढ-उतार व इंजिनाची क्षणोक्षणींची गरज इतक्या बारकाईनें ओळखतां येत नाहीं, आणि मिश्रण जरा बिघडलें कीं धुरांत विष वाढतें. जुन्या गाड्या आहेत तोंवर यंत्र आहे. त्यानंतर शब्द तेवढा राहील. कार्ब्युरेट शब्दानें एकदां रसायनशास्त्रांतील आपलें घर सोडलें व तो इंजिनांत जगला. आतां इंजिनही त्यास निरोप देत आहे.

(९) ह्यांतून संग्राहकांनीं काय घ्यावें? पहिली गोष्ट, शब्द हा कागदाच्या काळाचा साक्षीदार असतो. तंबाखू ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती इकडे आली. एखादी पोथी ज्ञानदेवकालीन म्हणून दाखविली गेली व तींत तंबाखू निघाली, तर तो भाग मागाहून घुसडलेला हें सांगण्यास शाईची परीक्षा नको. तसाच पुरावा आपला शब्दही पुढें देणार आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ ची. तींत मोटारीचे शब्द असणें शक्यच नव्हतें. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी ह्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ सालचा. ह्या दोहोंच्या मधल्या व नंतरच्या काळांत यंत्रांबरोबर शेंकडों शब्द मराठींत शिरले, त्यांच्या आगमनाचा हिशेब पोथ्यांत मिळणार नाहीं. तो पावत्या, हिशेबाच्या वह्या, सुट्या भागांच्या याद्या व मराठींत छापलेल्या गाडीच्या पुस्तिका ह्यांतच मिळेल.

दुसरी गोष्ट, हे कागद आज कोणी जपत नाहीं. पेशवे दप्तराचा रुमाल सांपडला तर आपण तो मस्तकीं धरतों. पण गांवातील जुनें दुरुस्तीचें दुकान बंद झालें कीं त्याच्या वह्या त्याच संध्याकाळीं रद्दींत जातात. पेशव्यांच्या कारकुनानेंही आपण इतिहास लिहीत आहों असें समजून जमाखर्च लिहिला नव्हता. म्हणून ज्यांस शक्य असेल त्यांनीं आपल्या भागांतील अशा एका तरी दुकानाच्या वह्या मागून घ्याव्या, त्यांवर गांव, साल व दुकानाचा प्रकार नोंदवावा, शब्दाचीं रूपें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, आणि जो वृद्ध कारागीर अद्याप आहे त्याच्याकडून प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच्याच तोंडच्या वाक्यांत लिहून ठेवावा. त्याबरोबर एक जुना कार्ब्युरेटर जपून ठेवला तर उत्तम. शब्द व वस्तु एकत्र असलीं म्हणजे पुढच्या अभ्यासकास तर्क करावा लागत नाहीं.

धनुष्यें करणाऱ्या कमानगरांच्या हत्यारांचीं मराठी नांवें आज कोणास विचारावीं? गांवाच्या नांवांत त्यांचा धंदा राहिला, भाषा राहिली नाहीं. कार्ब्युरेटराच्या कारागिरांचीं तशी गत होऊं द्यावयाची नसेल तर काम आतांच केलें पाहिजे. नाहीं तर शंभर वर्षांनीं कोणी विद्वान् अमरकोश उघडील, कर्बुर शब्दावर बोट ठेवील, आणि त्यास खोडून काढावयास कोणापाशीं एकही कागद असणार नाहीं.